माणसं नसलेली कॉलनी

डिसेंबर संपत आला की मांजलपुरात रस्त्याच्या कडेला पतंगाची दोरी रंगवणारे येऊन बसतात. दोन खांबांमध्ये गुलाबी दोरी ताणलेली असते, हाताला चिंध्या बांधलेला माणूस काचपुडीचा लगदा घेऊन तिच्यावरून पुढे-मागे चालत राहतो, आणि स्कूटरवरून जाणारे लोक मान वाकडी करून भाव विचारतात. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, जवळ आलं की सगळं बडोदं खुशीत असतं. आम्ही इथले लोक पतंग उडवत नाही, चगवतो; हा गुजराती शब्द माझ्या आईच्या नागरवाड्यातल्या मराठीत इतका मुरलाय की पुण्याच्या पाहुण्यांना त्याचा अर्थ सांगावा लागतो.

या खुशीत मी सामील होते. चिक्की आणते, उंधियुं करते, अगाशी, म्हणजे गच्ची, झाडून ठेवते. पण ती गुलाबी दोरी दिसली की मी नकळत खोल श्वास घेऊन हवेचा वास बघते. शेजारणींना वाटतं, मला सर्दी झालीय.

ही सवय त्या एका हिवाळ्याची. तेव्हा आम्ही शहराच्या उत्तरेला, एका रासायनिक फॅक्टरीच्या कॉलनीत राहत होतो. बाबा तरुणपणी जळगावकडून नोकरीसाठी आले आणि त्याच फॅक्टरीत ऑपरेटर झाले. मी चित्रकला शिकले होते, आणि त्या काळी गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासपैकी एकात थ्रीडी शिकून निजामपुऱ्यात जयेशभाईंच्या स्टुडिओत लागले होते. स्टुडिओ म्हणजे एका दवाखान्याच्या वरची खोली. तीन कॉम्प्युटर, एक एसी, आणि तो एसी माणसांसाठी नाही, मशीनसाठी.

नवा पैसा आला होता, नवे बिल्डर आले होते, आणि त्यांना न बांधलेली घरं विकायची होती. आम्ही ती घरं आधी कॉम्प्युटरवर बांधायचो. कारंजं, लॉन, गुलमोहर. सपाट बडोद्यात राहणारा प्रत्येक बिल्डर सांगायचा, मागे एखादा डोंगर दाखवा. मी डोंगर दाखवायचे. जमीन कशी उगवते हे मला तिथेच कळलं. एक करडं चित्र रंगवायचं. जिथे पांढरं तिथे उंच, जिथे काळं तिथे खोल. बटण दाबलं की त्या करड्या डागांतून टेकड्या आणि खड्डे वर यायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

त्या हिवाळ्यात जयेशभाईंना बाबांच्याच फॅक्टरीचं काम मिळालं. सुरक्षा विभागाला एक छोटी फिल्म हवी होती. वायू गळला तर तो कसा पसरतो, आणि कॉलनीतल्या लोकांनी काय करायचं. विभागाचे दवेसाहेब नकाशे घेऊन आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ.

"पाहणाऱ्याला आपलीच कॉलनी वाटली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतात, हे दुसरीकडे होतं."

जयेशभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आ बेन तो त्यांज रहे छे. तिथेच राहते ती."

मी आनंदाने काम घेतलं. नकाशावरून करडं चित्र रंगवायला घेतलं. फॅक्टरी उत्तरेला, थोडी उंचावर, म्हणून फिकट. तिथून दक्षिणेकडे उतार, म्हणून रंग गडद होत जाणारा. शाळेचं मैदान काळपट. आणि मैदानाला लागून असलेली आमची गल्ली त्याहूनही काळपट. पावसाळ्यात आमच्या दाराशी पाणी तुंबायचं ते याचमुळे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

आठवडाभराने पहिलं चित्र दाखवलं. जयेशभाईंनी ते दुरून पाहिलं, जवळून पाहिलं.

"आ तो रमकडुं लागे छे," ते म्हणाले. खेळणं वाटतंय. "जरा मेलुं कर, वैशालीबेन."

मेलुं म्हणजे मळकं. आणि खरंच, सगळी चूक तिथेच होती. माझ्या भिंती धुतल्यासारख्या होत्या, रस्ते आखल्यासारखे. मी कॅमेरा घेऊन कॉलनीत फिरले. ओल धरलेल्या भिंतींचे, पाण्याच्या टाकीवरच्या गंजाच्या ओघळांचे, पानाच्या पिचकाऱ्यांचे, सायकली टेकून टेकून काळ्या झालेल्या कोपऱ्यांचे फोटो काढले आणि ते कॉम्प्युटरमधल्या भिंतींवर चिकटवले. प्रत्येक डागाबरोबर कॉलनी खरी होत गेली. लांबच्या झाडांवर थोडा पांढुरका धुरळा टाकला, तर खरंच लांब गेल्यासारखी झाली. कडुलिंबाची पानं एकेक करून काढणं त्या मशीनला झेपत नसे, म्हणून झाडाचा फोटो पुठ्ठ्यासारखा उभा करून दुसऱ्याशी फुलीसारखा जोडायचा. दुरून ते झाड वाटायचं. खोटं खरं वाटायला हवं असेल तर त्यात थोडी घाण लागते, थोडा वाकडेपणा लागतो, हे मी त्या दिवसांत शिकले, आणि हे शिकण्यात मला फार मजा येत होती. आमच्या घराच्या दारात दोरी बांधून तिच्यावर आईची हिरव्या काठाची साडीसुद्धा वाळत घातली.

माणसं मात्र घातली नाहीत. घालून पाहिली होती. पण तेव्हाच्या मशीनवर माणूस केला की तो मेणाचा व्हायचा, डोळे उघडे ठेवून उभा. एका चौकात चार माणसं उभी केली तर कॉम्प्युटर बंद पडायचा. जयेशभाई म्हणाले, राहू दे. जागा दिसली म्हणजे झालं.

मग वायूची पाळी आली. मी नेहमीचा धूर केला, फॅक्टरीतून निघून वर आभाळात जाणारा. दवेसाहेबांनी मान हलवली.

"हा वर जात नाही," ते म्हणाले. "हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा चालतो. उतार शोधतो. खोल जागा मिळाली की तिथे बसतो."

मी धूर खाली आणला. पिवळट, हिरवट रंग दिला, जमिनीला चिकटवला, आणि उताराच्या आकड्यांवर सोडून दिला. त्या काळी एक चित्र पुरं व्हायला दुपारच्या दुपार जायची. पडद्यावर ते वरून खाली, ओळीओळीने उमटायचं. आधी आभाळ आलं, जानेवारीचं निळं आभाळ. मग पाण्याची टाकी. मग कडुलिंबाचे शेंडे, मग अगाश्यांचे कठडे. सगळं ओळखीचं आणि शांत. मी चहा पीत बघत होते. मग हळूहळू आमची खिडकी आली, दोरीवरची साडी आली, आणि साडीच्या काठाखाली, जिथे दार असायला हवं, तिथे पिवळं होतं. ओळीमागून ओळ पिवळीच येत गेली. दार आलं नाही. पायरी आली नाही.

मी कप खाली ठेवला. खाली दवाखान्यात कुणी रडत होतं, रस्त्यावर रिक्षा चालू होत्या, भर दुपार होती. मी काही चुकीचा आकडा टाकला असेल म्हणून पुन्हा तपासलं. आकडे बरोबर होते. मी गल्लीत वायू सोडलाच नव्हता. तो आपला आपण तिथे आला होता, उतार बघत.

भीतीची गंमत अशी की तिला एकदा चित्र मिळालं की ती मग चित्राबाहेर येते. त्या दिवसापासून कॉलनीच्या फाटकातून आत शिरताना मी श्वास रोखायचे. फॅक्टरीचा वास तिथे नेहमीचाच होता. बाबांच्या कपड्यांना, आमच्या पडद्यांना, माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो होता, आणि जन्मभर मला तो घराचा वास वाटला होता. आता तोच नाकात आला की मी ओढणी नाकाला लावायचे. आई फोडणी करायची आणि मी धावत स्वयंपाकघरात जायचे. रस्त्याने चालताना मला भिंतीवरची ओल मी चिकटवल्यासारखी दिसायची. झाडं पुठ्ठ्याची वाटायची. आणि पोरं पतंगांचा सराव करायला लागली, तेव्हा मी पतंगांकडे बघेनाशी झाले, ते कुठे झुकतात तेवढंच बघू लागले. रोज दक्षिणेकडे. फॅक्टरीकडे पाठ करून, आमच्या डोक्यावरून. पोरं म्हणायची, यंदा काय मस्त पवन आहे.

एका संध्याकाळी बाबा पाळी संपवून आले आणि पायातले बूट काढत होते, तेव्हा मी विचारलंच. "बाबा, तुम्हाला आत भीती नाही वाटत?"

त्यांनी बुटाची नाडी सोडवली, मग दुसरीही सोडवली. "भीती आत नेली तर हात चुकतो," ते म्हणाले. "म्हणून ती फाटकाबाहेर ठेवायची."

फॅक्टरीच्या फाटकाबाहेर आम्ही होतो.

आईला सांगितलं, उत्तरायणाला आपण मामाकडे जाऊ, नागरवाड्यात. मुद्दाम हट्ट धरला. आईला माझ्या वागण्यातलं काहीतरी कळलं असावं, कारण ती नेहमीसारखी रागावली नाही.

"तुझे बाबा त्या दिवशी दुपारपाळीला आहेत," ती म्हणाली. "ते आत आणि मी माहेरी पतंग बघत बसू का?"

उत्तरायणाच्या आदल्या रविवारी फिल्म कॉलनीच्या हॉलमध्ये दाखवली. सगळी कॉलनी आली होती, बायका स्वेटरवर शाली घेऊन, पोरं पुढे सतरंजीवर. पडद्यावर टाकी दिसली तेव्हा टाळ्या पडल्या. "अरे, आपली टाकी." पानाची पिचकारी दिसली तेव्हा हशा झाला आणि एकाचं नाव घेतलं गेलं. हिरव्या काठाची साडी आली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून हसली. इतकी अभिमानाने हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आता पुढचं बघू नकोस.

वायू आला. उतारावरून, घाई न करता. शाळेचं मैदान भरलं. आमची गल्ली भरली. तेवढ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रमीलाबेन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बाबांच्याच प्लँटमध्ये होते.

"आमां माणसो क्यां छे?" त्यांनी विचारलं. यात माणसं कुठे आहेत?

दवेसाहेब समजुतीने म्हणाले, "बेन, यात फक्त जागा दाखवली आहे."

"जागा दिसते मला," रमीलाबेन म्हणाल्या. या वेळी मराठीत, माझ्याकडे बघून. "कपडे वाळतायत. सायकल उभी आहे. मग माणसं कुठे गेली?"

मला सांगता आलं असतं की मशीनला झेपत नाही. पण हॉलमधले चेहरे मी पाहिले, आणि पडद्यावर मी काय केलं होतं ते मलाही तेव्हाच दिसलं. सगळं जागच्या जागी होतं, डागासकट, आणि कुणीही नव्हतं. त्यानंतर पडद्यावर सूचना आल्या. वरच्या मजल्यावर जा, खाली थांबू नका, ओलं फडकं नाकाला लावा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा. त्या कुणी ऐकल्या असतील असं मला वाटलं नाही. बायका पोरांना उचलून निघाल्या होत्या.

घरी जाताना बाबा माझ्याबरोबर चालत होते. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मग म्हणाले, "हुबेहूब केलंस." ते कौतुक होतं की तक्रार, हे मला आजही ठरवता येत नाही.

उत्तरायणाचा दिवस उजाडला तो स्वच्छ. दुपारपर्यंत सगळी कॉलनी अगाश्यांवर होती. प्रत्येक अगाशीवर वेगळं गाणं, वेगळा लाउडस्पीकर, पोरांच्या तोंडात पिपाण्या, पतंग कापला की "ए काप्यो"चा गलका. बाबा जेवून पाळीवर गेले होते. आईने बळेबळे मला वर आणलं होतं आणि हातात जिलबी दिली होती.

फॅक्टरीचा भोंगा वाजला तो आधी कुणाला कळलाच नाही. इतक्या पिपाण्यांत तोही एक पिपाणीच वाटला. पलीकडच्या अगाशीवरच्या पोरांनी त्याला उत्तर म्हणून जोरात पिपाणी फुंकली आणि सगळे हसले. चाचणीचा भोंगा दर सोमवारी सकाळी वाजायचा. हा थांबत नव्हता. मग एका अगाशीवरचं गाणं बंद झालं. मग दुसरीवरचं. गाणी एकामागून एक बंद होत गेली आणि शेवटी तो भोंगा एकटाच उरला.

मी वर पाहिलं. सगळे पतंग दक्षिणेला.

"खाली जाऊ नका," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की आईलाही ऐकू गेला नसेल. मी पुन्हा म्हटलं. लोक माझ्याकडे बघू लागले. आणि तेव्हा मला कळलं की त्या रविवारी त्यांनी सूचनाही ऐकल्या होत्या, कारण कुणीतरी पोराला म्हणालं, "इथेच थांब, वरच थांबायचं," आणि कुणीतरी पिंपातल्या पाण्यात ओढण्या बुडवू लागलं. समोरच्या बिल्डिंगमधले काहीजण मात्र जिन्याने धावत उतरले आणि स्कूटर काढून फाटकाकडे गेले.

"बा," रमीलाबेन म्हणाल्या. त्यांच्या सासूबाई तळमजल्यावर, नणंदेच्या घरी झोपल्या होत्या. नणंद गावाला गेली होती. रमीलाबेन जिन्याकडे पळाल्या. मी त्यांच्यामागे गेले. धैर्य वगैरे काही नव्हतं. आईने माझा हात धरला होता तो कसा सुटला हेही आठवत नाही. प्रत्येक पायरीवर मला परत फिरायचं होतं.

खाली दारातून गल्ली दिसली. रिकामी होती. दोरीवर कपडे, भिंतीला टेकलेली सायकल, टाकीवरचे ओघळ, दुपारचं निळं आभाळ. एक क्षण मला खरंच कळेना मी कुठे आहे. ही गल्ली मी इतक्या वेळा याच कोनातून, अशीच माणसांविना पाहिली होती. मग वास आला. ब्लीचिंग पावडरच्या डब्यात तोंड घातल्यासारखा. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं पाणी आलं. चित्रात वास नव्हता. चित्राच्या मी नेहमी बाहेर होते.

आम्ही बांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. त्या झोपेतून उठल्या होत्या आणि विचारत होत्या, "शुं थयुं? पतंग कपाई गयो?" काय झालं, पतंग कापला गेला का? रमीलाबेन रडत "हा बा, हा बा" म्हणत होत्या. जिन्यात माझी छाती जळत होती आणि एकच विचार होता, की खुर्ची सुटता कामा नये. अगाशीच्या दारात आईने ओली ओढणी माझ्या तोंडावर दाबली आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला.

मग आम्ही तिथेच बसून राहिलो. गळती मोठी नव्हती, असं नंतर कळलं. एक झडप निसटली होती, ती आतल्या लोकांनी बंद केली. काहीजणांना दवाखान्यात नेलं, ते परत आले. कुणी गेलं नाही. पण हे सगळं नंतर. त्या अगाशीवर आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आई फॅक्टरीकडे तोंड करून कठडा धरून उभी होती. दक्षिणेला, शहरावर, आभाळ पतंगांनी भरलेलं होतं. तिकडे उत्तरायण चालू होतं. तिकडे कुणाला काही माहीतच नव्हतं.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दारातच थांबले, आत आले नाहीत. आईने मागच्या मोरीत गरम पाणी काढलं. ते अंगणात उभे राहून शर्टाची बटणं काढायला लागले आणि त्यांना ती निघेनात. बोटं बटणावरून घसरत होती. मी पुढे झाले आणि लहान मुलाची काढावीत तशी ती एकेक करून काढली. ते आभाळाकडे बघत होते. मग ते दिवसभर झोपले.

ती फिल्म पुन्हा कधी दाखवली गेली नाही. मी पुढे अनेक वर्षं डोंगर केले, तळी केली, आणि आता मशीनवर माणसंही हुबेहूब होतात, घामासकट. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही मांजलपुरात आलो. लोक विचारतात, इतकं खरं कसं दिसतं तुमचं काम? मी धुरळ्याबद्दल सांगते, डागांबद्दल सांगते. बाकीचं सांगत नाही.

एक आठवण मात्र तशी लहानशीच आहे, पण उत्तरायणाच्या दिवसांत तीच सगळ्यात जास्त येते. त्या गळतीनंतरच्या सकाळी बाबा झोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. आईने डबा दिला. ते स्कूटर बाहेर काढून उभे राहिले. किक मारता मारता थांबले आणि मला म्हणाले, "वैशू, वारा कुठला आहे गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी हे विचारलं नव्हतं. मी फॅक्टरीच्या चिमणीच्या धुराकडे पाहिलं.

"उत्तरेचा."

ते थोडा वेळ त्या धुराकडे बघत राहिले. "म्हणजे तुमच्याकडे," ते म्हणाले, आणि किक मारून निघून गेले.

आई आत गेली आणि घरातली एकेक खिडकी लावून घेऊ लागली.